आधी स्कीम बघा, मग पुस्तक घ्या

कॉलेज सुरू झालं की बेळगावात खडेबाजाराकडे यादी घेऊन धावायची घाई असते. पहिले दोन आठवडे काहीच विकत घेऊ नका. सिलॅबसमध्ये प्रत्येक विषयाखाली दोन-तीन टेक्स्टबुकं आणि वर चार-पाच रेफरन्स बुकं लिहिलेली असतात, पण शिकवणारे सर-मॅडम त्यातलं एकच धरून चालतात. ते कोणतं हे वर्गात बसल्यावरच कळतं.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते चुकीच्या स्कीमच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात. व्हीटीयूचा (इंजिनिअरिंगच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) विषय असेल तर कोड बघा. सुरुवातीला 18 असेल तर 2018 ची स्कीम, 21 असेल तर 2021 ची, आणि ‘बीसीएस301’ असा ‘बी’पासून सुरू होणारा कोड 2022 च्या स्कीमचा. सिनिअरच्या पुस्तकावर विषयाचं नाव तेच दिसतं, आतली मोड्यूल्स, म्हणजे सिलॅबसचे भाग, मात्र हललेली असतात. लोकल प्रकाशनांची मोड्यूलवार पुस्तकं तर स्कीम बदलली की रद्दीच. मोठ्या लेखकांची जाड पुस्तकं टिकतात, कारण ती कुठल्याच विद्यापीठासाठी लिहिलेली नसतात.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बीए-बीकॉमवाल्यांनी जास्त जपून राहावं. कर्नाटकात 2021-22 ला एनईपीचा (राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा) अभ्यासक्रम आला आणि 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची नवी रचना लागू झाली. म्हणजे दुकानात तिन्ही काळांची पुस्तकं एकाच गठ्ठ्यात पडलेली असू शकतात. अकाउंट्सची तत्त्वं जुन्या पुस्तकातूनही शिकता येतील. भाषेच्या पेपरचं तसं नाही. नेमलेले पाठ बदलले की जुनं पुस्तक फुकट मिळालं तरी उपयोगाचं नाही.

निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मुलं कोल्हापुरातून पुस्तकं आणतात. इतिहास, अर्थशास्त्र मराठीतून समजून घ्यायला ती उत्तम. पण ती शिवाजी विद्यापीठाच्या घटकांप्रमाणे रचलेली असतात, म्हणून अनुक्रमणिका आपल्या सिलॅबसशेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा करा. अर्ध्याहून कमी घटक जुळत असतील तर पुस्तक वाचनालयातून आणून वाचलेलं बरं.

हाच हिशेब इंजिनिअरिंगलाही करता येतो. व्हीटीयूच्या बऱ्याच सिलॅबसांत मोड्यूलखाली टेक्स्टबुकातले प्रकरण क्रमांक दिलेले असतात. ते पुस्तकात काढून पानं मोजा. समजा 850 पानांच्या पुस्तकातली 190 पानंच लागणार आहेत आणि झेरॉक्स पानाला एक रुपया आहे, तर काम 190 रुपयांत होतं. उलट आख्खं पुस्तक झेरॉक्स केलं तर 850 रुपये अधिक बाइंडिंग. तेवढ्यात पुष्कळदा भारतीय आवृत्ती नवीकोरी मिळते. आणि आख्खं पुस्तक छापून विकणं हा सरळ कॉपीराइटचा भंग आहे. अभ्यासापुरती प्रकरणं काढणं वेगळं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये स्वतःच्या अभ्यासाला आणि शिक्षणाला सवलत आहे, आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात तीच धरली होती.

जुनी आवृत्ती कुठे चालते? गणित, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, फिजिक्स इथे बेधडक घ्या. फक्त उदाहरणांचे क्रमांक बदलतात, ते मित्राच्या पुस्तकावरून जुळवून घ्या. कायदा आणि करांच्या विषयांत मात्र जुन्या पुस्तकाला हातही लावू नका. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; खुनाच्या शिक्षेचं कलम 302 होतं ते 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये आहे. सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायद्याचंही तेच. जीएसटीचे दर सप्टेंबर 2025 मध्ये बदलले, म्हणजे त्याआधीच्या पुस्तकातली गणितं सोडवली तर उत्तरंच चुकणार.

सेकंडहँड घेताना मधली पानं चाळा, शेवटची तर नक्कीच. तक्ते आणि आलेख तिथेच असतात आणि फाटतातही तिथेच. रेषा पुसट, कागद पातळ आणि छपाई तिरकी असेल तर प्रत पायरेटेड समजा. डिझाइन डेटा हँडबुक, स्टीम टेबल, सिव्हिलवाल्यांचं आयएस 456 (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) यांचं गणित वेगळं. परीक्षेला यातलं जे न्यायला परवानगी असते, त्यात हाताने लिहिलेलं काही सापडलं तर ते काढून घेतलं जाऊ शकतं आणि वर चौकशी. सिनिअरने समासात फॉर्म्युले लिहून ठेवले असतील तर ती प्रत निम्म्या किमतीतही महाग. पेन्सिलीने लिहिलेलं खोडता येतं, पेनाचं नाही.

फुकटात मिळणाऱ्या गोष्टी आधी संपवा. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्टचा किंवा व्हीटीयू कन्सोर्टियमचा लॉगिन मागा; दोन्हीकडे पुस्तकं-जर्नल्स ऑनलाइन वाचता येतात. न मागता कुणी देत नाही. एससी-एसटी विद्यार्थ्यांसाठी बुक बँक आहे का तेही तिथेच विचारा, पण सेमच्या सुरुवातीला. उशीर झाला की संच संपलेले असतात. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला गेलेल्यांसाठी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर मराठी आणि कन्नड पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. परीक्षा इंग्रजीतून द्यायची असली तरी संकल्पना डोक्यात उतरायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मराठी साहित्याच्या पेपरला लागणारी कादंबरी किंवा कवितासंग्रह विकत घेण्याआधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात शोधा.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून मागवायचं असेल तर कुरिअरऐवजी टपाल खात्याच्या ज्ञान पोस्टने पाठवायला सांगा. 1 मे 2025 पासून ही सेवा सुरू आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, अधिक कर. जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागतो, तेव्हा चौघांनी मिळून एकच पार्सल मागवा. पुस्तक विकायचं असेल तर शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात ज्युनिअरांच्या ग्रुपवर फोटो टाका, आणि फोटोत कव्हरसोबत स्कीमचा कोडही दिसू द्या.