लेस्टरचा हॉल आणि सेलूची वसरी

ऑटिझम असलेल्या लेकरांच्या आया गावाकडून फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं व्यायामाच्या मशीन कोणत्या असतात हो?" आमचा धाकटा इथं इंग्लंडात, लेस्टरमध्ये, एका हॉलमधल्या ज्या व्यायामाच्या वर्गाला जातो, तिथं एक बुटकी ट्रॅम्पोलिन (उड्या मारायची ताणलेली जाळी), चार-सहा चेंडू, गाद्या आणि भिंत आहे. बस, एवढंच.

सगळी मेहनत आहे ती क्रमावर. दारापाशीच फोटोंची पट्टी लावलेली असते: हातपाय टेकून रांगत जाणं, भिंतीवर चेंडू, उड्या, जड पिशवी ढकलणं आणि शेवटी गादीवर आडवं होणं. एक झालं की लेकरू तो फोटो काढून डब्यात टाकतं. पुढं काय आहे आणि संपणार कधी, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. निम्मी रडारड तिथंच थांबते. शिट्टी नाही, गाणी नाहीत, अर्धे दिवे बंद. शिकवणारी ताई "उडी" एवढंच म्हणते, स्वतः मारून दाखवते आणि गप्प उभी राहते. हे गप्प उभं राहणंच आपल्याला जमत नाही. आपल्याकडं एक लेकरू आणि "मार ना, मार की, अशी मार" म्हणणारी पाच माणसं!

वेळेचंही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांना, अपंगत्व असलेल्यांनाही, रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगितली आहे. तो आकडा वाचून थकलेल्या आईचा धीरच सुटतो. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०२२ मध्ये अपंग मुलांसाठी वेगळ्या सूचना काढल्या: रोज २० मिनिटं आणि आठवड्यातून तीनदा ताकदीचे व तोलाचे व्यायाम. तेही लहान-लहान तुकडे करून चालतं, हळूहळू वाढवलं तरी चालतं. मला हाच हिशेब पटतो, कारण तो घरात बसतो.

फायदा काय? १९८४ साली अमेरिकेत केर्न, कोगेल आणि डनलॅप यांनी मोजक्या मुलांवर पाहिलं होतं की, दमवणाऱ्या पळण्यानंतर हात फडफडवण्यासारख्या पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली काही वेळ कमी होतात. सावकाश चेंडू खेळल्यावर तसा फरक पडत नाही. म्हणजे थोडा दम लागला पाहिजे. पण हात फडफडणं बंद व्हावं म्हणून मी लेकराला पळवत नाही. फडफडू देत, कुणाचं काय जातं? त्याला जिना नीट उतरता यावा, रात्री झोप लागावी, दोन्ही हातांनी चेंडू धरता यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. यातल्या पुष्कळ लेकरांचा तोल आणि अंगाचा मेळ मुळातच कच्चा असतो. व्यायामानं ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका.

एप्रिलच्या सुट्टीत सेलूला गेलो तेव्हा सासूबाईंनी सगळं दोन दिवसांत उचललं. फोटो मी मोबाइलवर काढले, दिरांनी स्टेशनरीच्या दुकानातून छापून आणले. वसरीत, म्हणजे ओसरीत, रांगणं, अंगणातल्या फरशांवरून एकेक पाय टाकत जाणं आणि ज्वारीचं अर्धं भरलेलं चुंगडं (पोतं) न्हाणीपासून दारापर्यंत ढकलत नेणं. इकडं लेस्टरमधले थेरपिस्ट असल्या ओढण्या-ढकलण्याला 'हेवी वर्क' म्हणतात आणि त्यासाठी वजनाच्या पिशव्या विकत आणायला लावतात. बंगई तर घरात होतीच. झोका मागं-पुढं, संथ. गरागरा फिरवायचं नाही, काही लेकरांना ते सोसत नाही. हे सगळं सकाळी आठच्या आत. आपल्याकडचं ऊन, आणि अशा काही लेकरांना तहान लागलेली स्वतःला कळत नाही. म्हणून आम्ही पट्टीवर पाण्याच्या तांब्याचाही फोटो लावला.

शेजारची पोरं क्रिकेटला बोलवायची. गेला नाही. सांघिक खेळात एका वेळी फार गोष्टी ओळखाव्या लागतात. मी आग्रह केला नाही.

पोहण्याचं मात्र मनावर घ्या. ऑटिझम असलेली बरीच लेकरं न सांगता घरातून निघून जातात, त्यातल्या कित्येकांना पाण्याची ओढ असते, आणि त्यांच्यात बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळला आहे. इथल्या तलावावर अशा मुलांसाठी गर्दी नसलेली वेगळी वेळ ठेवतात. गावाकडं पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतात. तसं याला सोडायची माझी तरी हिंमत नाही; उथळ पाणी, ओळखीचा एकच माणूस आणि तीच फोटोंची पट्टी, असं सुरू करावं. पोहता येऊ लागलं तरी नजर काढायची नाही. यंदा दिरांनी शेतातल्या आखाड्यावरच्या विहिरीला लोखंडी जाळी बसवून घेतली, तेव्हाच आम्ही तिकडं मुक्कामाला गेलो.