तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्याकडची माणसं टिकतात कशी?

लग्नात भेटा नाहीतर जळगाव एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर, हा प्रश्न ठरलेला असतो. भाऊ, तुमच्या दाल मिलमधली माणसं सुरतेला का जात नाहीत, आणि डाळ निवडायला आलेली पोरगी आज खराब दाणा बाहेर फेकणारं सॉर्टेक्स मशीन कशी चालवते, ट्रेनिंग कुठलं देता? मागच्या महिन्यात कॉलेजची मुलं मिल बघायला आली त्यांनीपण हेच विचारलं, त्यांना बसची घाई होती म्हणून अर्धवट सांगितलं, आता नीट लिहितो.

ट्रेनिंग वगैरे काही दिलं नाही मी. मी मिलमध्ये शिरलो की तिथं काय होतं हे मला उशिरा कळलं, आणि ते कळलं एका वाया गेलेल्या मालामुळे.

तुरीचं टरफल हरभऱ्यासारखं सहज सुटत नाही, आत चिकट थर असतो. म्हणून आधी रोलवर, म्हणजे मशीनच्या खरखरीत फिरत्या रुळावर, नुसतं ओरखडायचं, मग तेल लावायचं, रात्रभर ढीग घालून ठेवायचं, पुढचे दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचं, मधे पाणी मारायचं, आणि मग परत रोलवर घ्यायचं. ओल राहिली तर टरफल निघत नाही, जास्त वाळली तर डाळ फुटते न् चुरी वाढते. 100 किलो तुरीतून 70-75 किलो डाळ निघते, धंदा सगळा त्या चार-पाच किलोच्या फरकात असतो. त्या वर्षी आभाळ आलेलं, ऊन धड नाही, आणि गाडी दारात उभी. मी म्हटलं घ्या रोलवर. घेतला, आणि निम्म्या डाळीवर टरफल तसंच, दुसऱ्यांदा घासली तर चुरीच चुरी. पार्टीने भाव पाडला.

रोलवरचे आमचे आबा पारोळ्याकडचे, वीस वर्षं तेच काम. त्यांना विचारलं, आबा तुम्हाला हाताला कळलं नाही का ओल आहे ते? म्हणाले कळलं होतं. मग बोलले का नाहीत? तर शांतपणे म्हणाले, "सांगीसन काय फायदा भाऊ, तुम्ही ऐकतस कथा?"

मला रात्रभर झोप नाही लागली. कारण मी स्वतःला फार मोकळा माणूस समजायचो, सगळ्यांशी हसून बोलतो, दिवाळीला घरी जातो, कुणाच्या पोराची फी भरतो, आणि वीस वर्षं सोबत असलेला माणूस म्हणतोय की तुम्ही ऐकत नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी 1955 मध्ये एक चौकट मांडली, जोहारी विंडो म्हणतात तिला, नाव दोघांच्याच नावांतून आलंय. चार खाने असतात, त्यातल्या एका खान्यात तुमच्याबद्दलचं ते असतं जे बाकीच्यांना दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही. हे मी एका शिबिरात आधीच ऐकलेलं होतं, वहीतपण उतरवलं होतं. पण माझ्या त्या खान्यात काय आहे हे आबांनी सांगितलं तेव्हा कळलं.

मग एकेकाला बाजूला घेऊन विचारायला लागलो. निवडणाऱ्या बायांमधल्या एका मावशीने सांगितलं की तुमच्या गाडीचा आवाज आला की आम्ही बोलणं बंद करतो. दुसरी म्हणाली, तुम्ही प्रश्न विचारता न् उत्तर पण तुम्हीच देऊन टाकता. हे खरं होतं, बायको हेच सांगत आलीय मला. आणि हळूहळू माझं मलाच दिसायला लागलं की माझा आवाज चढतो तो माल खराब झाल्यावर चढत नाही, तो चढतो पैसे अडकलेले असले की, म्हणजे मी घाबरलेला असतो आणि समोरच्याला वाटतं त्याचंच काहीतरी चुकलं. माझे वडील असेच बोलायचे, त्यांनी दोन रोलवर मिल उभी केली, त्यांचा आवाज मी तसाच उचलला होता.

सवय लगेच गेली नाही. वाळवणाचा निर्णय आबांचा असं ठरवलं, आणि पहिल्याच महिन्यात मी तीनदा मधे पडलो. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. राग आला, पण मागे फिरलो. ते बाकीच्यांनी बघितलं, आणि माझ्या मते मिलमध्ये खरा फरक त्या दिवशी पडला. आठवडाभरात ती पोरगी वही घेऊन आली. बारावी झालेली, सॉर्टेक्स कुठल्या मालाला किती चांगला दाणा बाहेर फेकतं हे ती सहा महिने लिहून ठेवत होती. कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला मशीनवर मी बसवलं असं लोक म्हणतात, पण ती मनाने आधीच तिथं बसलेली होती, मला दिसत नव्हती.

आपण खान्देशातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको खरंतर. बहिणाबाई असोद्याच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर न् शेतात ओव्या म्हणायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने त्या उतरवून ठेवल्या म्हणून 1951 ला त्या गेल्यावर पुढच्या वर्षी छापून आल्या. त्यावेळी गावोगाव जात्यावर किती बाया गात असतील, आणि शेजारी बसून लिहून घेणारं कुणी नव्हतं, हा विचार आला की मला चैन पडत नाही.

यंदाच्या सीझनला परत आभाळ आलं. रात्री दहाला आबांचा फोन, "भाऊ, उद्या माल घ्याना नही." गाडी रिकामी परत जाणार होती, पोटात गोळा आला, तरी बरं म्हटलं. सकाळी जाऊन त्यांच्याजवळ बसलो न् विचारलं का, आणि या वेळी गप्प बसलो. तासभर बोलले. विदर्भाची तूर पाणी किती पिते, बर्माची लेमन तूर तेल कमी मागते, आफ्रिकेचा दाणा उन्हात कधी उचलायचा. वीस वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. आता रोज सकाळी अर्धा तास ते सांगतात, मी रजिस्टरमध्ये लिहून घेतो. चाळीस पानं झालीत, अजून ते पाणी मारण्यापर्यंतच आलेत.