इस्त्री चालू असताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "तुमची मुलं तुमच्याशी इतकं मोकळं कसं बोलतात हो?" असं हल्ली बरेच जण विचारतात. बहुतेकांची मुलं नुकतीच तेरा-चौदाची झालेली असतात, खोलीचं दार लावून बसायला लागलेली असतात. विचारताना आवाजात जरासा हेवा असतो. मला तो सुखावतो, खोटं कशाला बोलू? पण खरी हकीकत तितकी सुखावणारी नाही.

मुळात ती सगळं सांगत नाहीत. आणि एक काळ असा होता की थोरली काहीच सांगत नव्हती, आणि त्याला कारण मीच होतो.

ती चौदा वर्षांची असताना, ती आंघोळीला गेलेली बघून मी तिचा मोबाईल उघडला. मैत्रिणीशी झालेलं बोलणं वाचलं. भयंकर असं काही नव्हतं. एका मुलाबद्दल चार ओळी, आणि एक ओळ माझ्याबद्दल : 'बाबाला सांगितलं की लेक्चर सुरू.' मी मोबाईल होता तिथेच ठेवला. फक्त ती तो नेहमी पालथा ठेवायची आणि मी ठेवला उताणा. तिने बाहेर आल्याआल्या मोबाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलली काहीच नाही. मी दोन दिवसांनी माफी मागितली, तर म्हणाली, "ठीक आहे." पुढचे सात-आठ महिने 'हो', 'नाही', 'माहीत नाही' आणि 'ठीक आहे' एवढ्यावरच आमचं घर चाललं.

त्या दिवसांत मीही तुमच्यासारखं हाताला लागेल ते वाचत होतो. स्वीडनमधल्या हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचनात आला. चौदा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते कळतं कुठून, हे त्यांनी तपासलं होतं. चौकश्या आणि नियम यांतून फारसं नाही, मुलं आपणहून सांगतात त्यातून सर्वांत जास्त, असं त्यांना दिसलं. वाचून मी वरमलो. आपण ज्याला लक्ष ठेवणं म्हणत होतो त्यातून हाती आली होती ती चार ओळींची माहिती, आणि तिच्यापायी सगळा झराच आटला होता.

इस्त्रीचं मात्र मी काही ठरवून केलं नाही. सकाळची धावपळ नको म्हणून रात्रीच सगळ्यांचे कपडे करून ठेवायला लागलो, एवढंच. एके रात्री पावणेअकराला ती दाराला टेकून उभी राहिली. मग खाली बसून मोज्यांच्या जोड्या लावायला लागली. आणि मोज्यांकडे बघतच म्हणाली, "आज एक झालं." मैत्रिणीने तास बुडवला होता आणि हिने तिच्यासाठी शिक्षकांना थाप मारली होती. माझ्या जिभेवर आख्खं लेक्चर तयार होतं. ते गिळता गिळता हात थांबला आणि कॉलर पिवळी पडली. "बाबा, इस्त्री!" ती ओरडली आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मी विचारलं, "मग आता काय करायचं म्हणतेस?" तिच्याकडे उत्तर होतं, आणि माझ्यापेक्षा बरं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर कॉलर असते, तिच्यासमोर मोजे. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं?" विचारलं असतं तर पुन्हा 'काही नाही'च ऐकलं असतं.

वेळही तिचीच असते. या वयात झोपेची खूण देणारं मेलाटोनिन लहानपणाच्या मानाने तास-दोन तास उशिरा पाझरायला लागतं, म्हणून आपल्याला पेंग येते तेव्हा ही मंडळी टवटवीत असतात. झोप त्यांना 8 ते 10 तास लागते, शाळा मात्र सकाळी थांबत नाही. सकाळच्या ज्या उर्मटपणावर आपण चिडतो, त्यातला निम्मा झोपेचा असावा असं मला वाटतं. लोक ज्याला 'संयम' म्हणतात तो माझ्यापुरता बराचसा जागं राहण्याचा आहे.

धाकट्याला इस्त्रीचं काही नाही. तो स्कूटरवर मागे बसला की बोलतो, वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही. मी सारखं "काय?" करत नाही, सिग्नल लागायची वाट बघतो.

आणि नाही, मोकळेपणा म्हणजे सगळंच चालतं असं नाही. घरी यायची वेळ ठरलेली आहे, त्यावरून भांडणंही होतात. जिवाशी खेळ असेल तर ते मी गुपित ठेवणार नाही, आईला आणि गरज पडली तर डॉक्टरांना सांगेन, हे दोघांना आधीच सांगून ठेवलंय. धाकट्याने त्यावर "म्हणजे बाकीचं पोटात ठेवशील?" असं विचारून घेतलं. ठेवतो. बायकोला ते अजून फारसं पटलेलं नाही.

थोरली आता शिकायला बाहेर असते. परवा रात्री अकराला तिचा फोन आला.

"काय करतोयस?"

"काही नाही, बोल ना."

"इस्त्री नाही करत?"

"आज नाही."

"मग उद्या करते फोन," म्हणाली. मी म्हटलं, थांब जरा, आणि कपाटातून एक शर्ट काढला.