ओल्या रुमालातली बाटली

"मॅडम, नीट ठेवा हं. आई आहे ती माझी."

सॅम्पल घ्यायच्या खिडकीवर आज एक मुलगा असं म्हणाला. आईच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो सडू न देणाऱ्या द्रावणात, होता. ऑपरेशन थिएटरपासून ती बाटली त्याने ओल्या रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून आणली होती. ऊन लागू नये म्हणून.

"आजच कळेल ना?"

नाही कळत. तुकडा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग मेणात बसतो, मग ३-४ मायक्रॉनचे काप, मग गुलाबी-जांभळा रंग. मी हे सगळं धडाधडा सांगितलं. तो बाटलीकडेच बघत होता.

एमडी पॅथॉलॉजीचं, म्हणजे असे तुकडे तपासून आजार ओळखायच्या शिक्षणाचं, माझं दुसरं वर्ष. ३ वर्षं स्लाइड वाचायला शिकतो आम्ही. माणूस क्वचितच समोर येतो. बाटलीवर नंबर घालताना आज पहिल्यांदा हात थांबला.

चार दिवसांनी तो पुन्हा येईल. पॅथॉलॉजीवाल्यांनो, तुम्ही खिडकीवर काय बोलता?