कूलंटमध्ये तेल आलं म्हणजे हेड गॅस्केटच गेलं असं नाही

आमच्या घरच्या डिझेल जनरेटरच्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, तेल आलं होतं. ओव्हरफ्लोच्या बाटलीत हिरव्या कूलंटवर तपकिरी थर जमला होता. बोटाला लागला तर बुळबुळीत, नुसत्या पाण्याने सुटेना. बाबांचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वीज गेल्यावर याच यंत्राच्या भरवशावर चालतं, त्यामुळे "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणायची सोय नव्हती.

मेकॅनिकने झाकण उघडलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "ताई, हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो ब्लॉकवर बसतो तिथली सील म्हणजे हेड गॅस्केट. शक्य होतं. पण हेड उतरवणं हे मोठं काम, आणि तेवढे दिवस जनरेटर बंद. एवढ्या पुराव्यावर मी ते करू देणार नव्हते. "दादा, आधी बाकीचं तपासू," म्हटलं, आणि ते तयार झाले.

हात घालण्याआधी एक गोष्ट. स्टँडबाय जनरेटर वीज गेली की कुणाला न विचारता सुरू होतो. म्हणून कंट्रोलर ऑफवर, चार्जर बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, हे झाल्याशिवाय फॅनच्या आसपास हात न्यायचा नाही. रेडिएटरचं झाकणही इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं. दाबाखालचं गरम कूलंट तोंडावर उडालं तर चांगलंच भाजतं.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. काचेच्या स्वच्छ बरणीत थोडं कूलंट काढायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. गंज असेल तर तो तळाशी बसतो. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र झाली असतील तर कधीकधी जेलीसारख्या गुठळ्या होतात. तेल वर येतं. आमच्या बरणीत सकाळी वर सायीसारखा फिकट तपकिरी थर होता आणि खाली कूलंट बऱ्यापैकी नितळ. डिझेलचा वास नव्हता. तो असता तर इंजेक्टरच्या स्लीव्हवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला कूलंटपासून वेगळं ठेवणाऱ्या नळीवर, संशय घेतला असता.

म्हणजे तेलच, आणि तेही इंजिन ऑईल. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेलही रेडिएटरमध्ये गार होतं, त्यामुळे तिथे संशयित वाढतात. जनरेटरला गिअरबॉक्सच नाही. आता तेल येणार कुठून? हेड गॅस्केट किंवा हेडमधली भेग, नाहीतर ऑईल कूलर. ऑईल कूलरमध्ये पातळ धातूच्या एका बाजूने तेल वाहतं आणि दुसऱ्या बाजूने कूलंट. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण तीन-चार बार असतो, कूलंटचा जेमतेम एकच्या आसपास. मधल्या भिंतीला बारीक छिद्र पडलं की तेल कूलंटमध्ये ढकललं जातं. इंजिन बंद झाल्यावर मात्र तेलाचा दाब लगेच उतरतो, कूलंटचा थोडा वेळ राहतो, आणि तेव्हा उलटा पाझरही होऊ शकतो. म्हणून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, बघायचीच. आमच्या तेलाची पातळी वाढलेली नव्हती, रंगही दुधाळ नव्हता.

पण ऑईल भरायच्या झाकणाखाली पांढरट लोणी जमलं होतं. कूलंट तेलात शिरल्याचा पुरावा म्हणून मेकॅनिकने तेच बोटावर घेऊन दाखवलं. स्टँडबाय जनरेटरमध्ये इथेच फसायला होतं. हे यंत्र चाचणीसाठी थोडा वेळ, तेही लोडशिवाय चालतं. तेल पुरेसं तापत नाही, आत दमट हवेचं पाणी धरतं आणि झाकणाखाली तेलात घुसळून निघतं. आम्ही झाकण पुसलं आणि घरातला जास्तीत जास्त लोड टाकून जनरेटर तासभर चांगला तापू दिला. लोणी परत जमलं नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा (सम्प) ड्रेन प्लग थोडा सैल केला. पाणी किंवा कूलंट तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असतं तर आधी तेच बाहेर आलं असतं. पहिल्या थेंबापासून तेलच आलं.

मग गॅस्केटची थेट परीक्षा. रेडिएटरच्या तोंडाशी टेस्टर बसवून तिथली हवा निळ्या द्रवातून ओढायची. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवा-पिवळा होतो. डिझेलच्या धुरात, त्यातून कमी लोडवर, तो कमी असतो. म्हणून लोड देऊन आणि धीराने करायची. आमचा द्रव निळाच राहिला. गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइपही, लगेच टणक झाला नाही; जळलेला वायू कूलंटमध्ये घुसत असता तर तो झाला असता.

ऑईल कूलर काढला, तेलाची बाजू बंद करून तिच्यात हवा भरली आणि कोमट पाण्यात बुडवला. एका कोपऱ्यातून कूलंटच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. मेकॅनिक दादा खाली बसून बराच वेळ ती बघत होते.

कूलर का कुजला, याचं उत्तर पीएचच्या पट्टीवर मिळालं. निरोगी कूलंट सहसा अल्कधर्मी असतं, आमचं सातच्या खाली, म्हणजे आम्लधर्मी झालं होतं. तासांचा मीटर बघितला तर इंजिन जवळजवळ नवं. पण या कूलंटला मीटरचा हिशोब लागू नाही. इंजिन गार पडू नये म्हणून बसवलेला जॅकेट हीटर ते रात्रंदिवस कोमट ठेवतो आणि त्यातली गंजरोधक रसायनं वर्षांच्या हिशोबाने संपत जातात. कूलंट तासांवर नाही, कॅलेंडरवर बदला, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

कूलर नवा घातला. सफाईला खरी मेहनत लागली. तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, कमी फेसाचं क्लीनर घालून, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत तापवून, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. तेलाने फुगलेले होज बदलले, हीटरचे छोटे पाइप आणि रेडिएटरचं झाकणसुद्धा. जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलं. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. ते गटारात ओतू नका.

नंतरही बाटलीत हलका तवंग येतो, कारण कोपऱ्यांत अडकलेलं तेल हळूहळू सुटतं. प्रत्येक चाचणीनंतर तो पुसायचा आणि नोंद करायची. कमी होत गेला तर उरलेलं तेल, वाढला तर गळती अजून आहे. आमचा कमी होतोय.