१७ मे, ग्रोटोपाशी

त्या रविवारी माझी सुट्टी होती. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड गावी, नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात मी तेव्हा नर्स होते. तिथल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, पाहुणे राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि आवारात निषेधासाठी लोटलेली माणसं. प्रथमोपचाराच्या तंबूत जादा हात हवे होते, म्हणून मी नाव दिलं. साल २००९.

मी वसईची कॅथलिक. संध्याकाळी वाडीतल्या क्रुसापाशी आजीच्या मांडीला मांडी लावून जपमाळ म्हणत वाढलेली. गर्भातलं मूल म्हणजे मूलच, हे मी तिथे शिकले आणि चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, तळहातावर मावणाऱ्या बाळांना सांभाळताना ते माझ्यात आणखी खोल रुजलं. त्यामुळे मार्चमध्ये निमंत्रण जाहीर झालं तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. परदेशात गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या संस्थांवरची मदतबंदी ओबामांनी जानेवारीत, पदावर येताच उठवली होती. मार्चमध्ये भ्रूणांच्या मूलपेशींवरच्या संशोधनासाठी सरकारी पैशाची वाट मोकळी केली. मूलभूत नैतिक तत्त्वांविरुद्ध वागणाऱ्यांचा कॅथलिक संस्थांनी सन्मान करू नये, असं अमेरिकी बिशपांनी २००४ मध्येच लिहून ठेवलं होतं. आणि इथे तर मानद डॉक्टरेट द्यायची होती. कॅथलिक शिक्षणसंस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्डिनल न्यूमन सोसायटीने निमंत्रणाविरुद्ध काढलेल्या निवेदनावर साडेतीन लाखांहून जास्त सह्या झाल्या. स्थानिक बिशप जॉन डार्सी यांनी समारंभाला येणार नाही असं कळवलं. हार्वर्डच्या प्राध्यापिका मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांनी विद्यापीठातर्फे कॅथलिकांना १८८३ पासून दिलं जाणारं मानाचं लेतारे पदक नाकारलं. या दोघांबद्दल मला तेव्हाही आदर वाटला आणि आजही वाटतो. त्यांनी कोणावर आरडाओरडा केला नाही. स्वतःची खुर्ची तेवढी रिकामी ठेवली.

पण त्या दोन महिन्यांत गावात आणखीही काही चालू होतं. एक छोटं विमान आवारावर घिरट्या घालायचं आणि त्याच्या मागे फडकत असायचं गर्भपात झालेल्या भ्रूणाचं भलंमोठं चित्र. रक्त फासलेल्या बाहुल्या बाबागाडीत ठेवून काही जण आवारात शिरत आणि अटक करून घेत. आमच्या विभागात तेव्हा एक आई होती. तिला जुळं झालेलं, सव्विसाव्या आठवड्यात. एक बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं इन्क्युबेटरमध्ये. एकदा घरी जाताना तिला ते विमान दिसलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे नुसती बघत राहिली.

रविवारी दुपारी, समारंभ सुरू व्हायच्या सुमारास, तंबूत एक गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीचा कोट, अंगाला दरदरून घाम. हात थरथरत होते. बोटातून थेंब काढून पाहिलं, साखर चौपन्न. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवण राहून गेलं होतं. संत्र्याचा रस दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग बिस्किटं. थोडी हुशारी आल्यावर म्हणाले, "माझी मुलगी आज पदवीधर होतेय."

"मग तुम्ही इथे कसे? समारंभ सुरू होतोय."

"ती आत गेलीच नाही. ग्रोटोपाशी आहे."

ग्रोटो म्हणजे फ्रान्समधल्या लूर्द या मारियामातेच्या तीर्थस्थानी असलेल्या गुहेची प्रतिकृती. बॅसिलिकाच्या मागे, १८९६ मध्ये बांधलेली. काळवंडलेल्या दगडांपुढे मेणबत्त्यांच्या रांगा. समारंभ सोडून तिथे प्रार्थना करायची, असं काही डझन विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं. टोपीच्या चौकोनी माथ्यावर त्यांनी पिवळा क्रूस आणि बाळाची पावलं चिकटवली होती.

"मी ओबामांना मत दिलं," ते म्हणाले. "रविवारची मिस्सा कधी चुकवत नाही, तरी दिलं. चार वर्षं जादा काम करून फी भरली. तिला आत बसलेली बघायचं होतं. एवढंच."

मला काय बोलावं सुचेना. २००८ मध्ये अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त कॅथलिकांनी ओबामांनाच मत दिलं होतं. ही फूट घराघरांतून गेली होती आणि त्यातलं एक घर माझ्यासमोर खुर्चीवर बसून बिस्किट खात होतं.

कोणीतरी रेडिओ लावला. सभागृहात एकजण ओरडला, त्याला बाहेर काढलं. विद्यार्थ्यांनी घोषणा देऊन त्याचा आवाज बुडवला. मग भाषण. अनपेक्षित गर्भधारणा कमी करू, दत्तक घेणं सोपं करू, असं ओबामा म्हणाले. आणि पुढे, गर्भपाताशी असहमत असणाऱ्यांच्या सदसद्विवेकाचा मान राखू, त्यासाठी समंजस तरतूद करू. माझ्या हातातला बीपीचा पट्टा तसाच राहिला. हे माझ्याबद्दल होतं. मन मान्य करत नाही त्या शस्त्रक्रियेला उभं राहायला नर्सला भाग पाडायचं की नाही, हा आमचा रोजीरोटीचा प्रश्न. आधीच्या सरकारने जाता जाता त्यासाठी एक नियम केला होता आणि हेच सरकार तो मागे घ्यायच्या विचारात होतं. शब्द मला चांगले वाटले, खोटं कशाला सांगू? पण विश्वास बसला नाही.

त्या गृहस्थांची साखर एकशे अठरावर आली. उठले, कोट नीट केला. "तिकडे कुठून जायचं?" एकट्याने जाऊ नका म्हणून मीही निघाले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "तुम्ही कॅथलिक?" मी हो म्हटलं.

ग्रोटोपाशी जपमाळ चालू होती. आवाज मोठा नव्हता. झग्यातली मुलं गुडघ्यांवर होती. एका मुलीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला. बाप जवळ गेला नाही. शेवटच्या रांगेमागे उभा राहिला, हात खिशात, ओठ मिटलेले. पण गेलाही नाही, शेवटपर्यंत थांबला. मी इंग्रजीत सुरू केलेली 'नमो मारिया' मधेच कधी मराठीत गेली, कळलं नाही. गेलेल्या त्या बाळासाठी म्हणत होते.

त्या दिवसांत आवारात शिरल्याबद्दल एकंदर ८८ जणांवर खटले भरले गेले आणि २०११ मध्ये ते सोडून देण्यात आले. त्या रविवारी अटक झालेल्यांत नॉर्मा मॅकॉर्वी होत्या. १९७३ च्या ज्या खटल्याने अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मिळाला, त्यातली 'जेन रो' म्हणजे त्याच. गुडघ्यांवरच्या त्या मुलांपैकी कुणी कुणाला चित्रं दाखवली नव्हती. पण वर्तमानपत्रांत जागा मिळाली ती बहुतेक बेड्यांनाच.

सोमवारी सकाळी ड्यूटीवर गेले. ती आई इन्क्युबेटरच्या गोल झरोक्यातून आत हात घालून बसली होती. बऱ्याच दिवसांनी बोलली.

"काल तू तिथे होतीस?"

"प्रथमोपचारात होते."

"आणि नंतर?"

"नंतर ग्रोटोपाशी. प्रार्थनेला."

"त्या विमानवाल्यांबरोबर?"

"नाही. ते वेगळे."

तिने बाळाच्या पाठीवरचा हात हलवला नाही. "मला त्यांच्यातला फरक कळत नाही," ती म्हणाली.

मी हात धुतले, दुसरा झरोका उघडला आणि बाळाचं तापमान घेतलं. छत्तीस पूर्णांक सात.