मास्तर, आता कुशीवर घेतोय

अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकाच पहाटे गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अण्णांना झोपेतच कधीतरी झालेलं, त्यामुळं तास मोजायचे कुठून? ते इंजेक्शन मिळालं नाही. दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेले असतात. लिहायचंय ते घरी आणल्यानंतरचं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी कोल्हापूर-पुणे रस्त्यावर. एवढ्या लोकांशी रोज बोललेला माणूस आता फक्त एकच शब्द बोलायचा, ‘चला’. भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला, नातू आला तरी चला. त्यांना सगळं कळत होतं, त्यामुळं हाल जास्त.

सुरुवातीला ब्युरोतून, म्हणजे घरी आजाऱ्याचं करायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेतून, एक बाई आल्या. स्वभावानं गोड. ‘आमचं बाळ शहाणं आहे, आ करा बघू’ असं दिवसभर चालायचं. शेजारणी म्हणायच्या, किती प्रेमानं करतात हो! पण अण्णांना उठवताना त्या लुळा पडलेला हातच ओढायच्या. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात, हाताच्या वजनानंच सांधा खाली सरकतो. तो हात ओढला की कळ मस्तकात जाते. बाईंना दोष देत नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बारा तासांची ड्यूटी आणि त्यातले निम्मे पैसे ब्युरोच्या खिशात. पण गोड बोलणं म्हणजे माया, हे माझं मत तेव्हापासून राहिलं नाही.

नंतर आला तो ब्रदर पाटणकडचा, नर्सिंगचा डिप्लोमा झालेला. कमी बोलणारा. आल्या आल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, ‘ह्यांना कामावर काय म्हणायचे?’ एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतात. झालं, तेव्हापासून मास्तर. ‘मास्तर, आता डाव्या कुशीवर घेतोय. माझा एक हात खांद्यामागं, एक कमरेखाली.’ एवढं बोलून तो थांबायचा. अण्णांचे डोळे त्याच्याकडं वळले की मगच हात लावायचा. दर दोन तासांनी हेच, आणि प्रत्येक वेळी सांगूनच. मी मुद्दाम दारातून बघत राहायचे, एखाद्या वेळी तरी न सांगता फिरवतोय का ते. नाही.

अंग पुसण्याचं काम त्याच्याकडं गेलं आणि अण्णांचा चेहराच बदलला. मी सून. त्याआधी एकदोनदा माझ्यावर वेळ आली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून घ्यायचे, आणि मलाही कुठं बघावं कळायचं नाही. ब्रदर अख्ख्या अंगावर चादर ठेवायचा आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा. हात पुसला की झाकला, मग पाय. माकडहाडाजवळ लाली दिसली की बोट दाबून बघायचा. दाबल्यावर कातडी पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक. लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात समजायची आणि त्या बाजूला वजन पडू द्यायचं नाही. टाचा उशीवरून अधांतरी. एवढे महिने झाले, अण्णांची पाठ लागलेली नाही, म्हणजे पडून पडून होते ती जखम झालेली नाही. एअर बेडला श्रेय देणारे देतात, आम्हाला ठाऊक आहे श्रेय कुणाचं.

कराडला कृष्णा हॉस्पिटलचं फिजिओथेरपीचं कॉलेज असल्यामुळं फिजिओ मिळायला अडचण नव्हती. आमच्या फिजिओ मॅडम अगदी तरुण, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. घरभर फिरल्या, पलंगाची उंची मोजली, बाथरूमचा उंबरठा बघितला आणि अण्णांसमोर फोटो धरले: संडास, अंगण, चहाची टपरी, एसटी स्टँड. कुठं जायचंय? आम्हाला वाटलं स्टँड. अण्णांनी डाव्या हाताचं बोट संडासावर ठेवलं. बेडपॅन त्यांना किती नकोसा झालाय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग सगळे व्यायाम त्या वाटेचे. पलंगाच्या कडेला बसणं, पाय मागं घेणं, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत वाकणं आणि मग उठणं. आपण रोज असेच उठतो, लक्षात येत नाही इतकंच.

व्यायाम करताना दुखलं तर सांगणार कसं? ह्यावर ब्रदर आणि मॅडमनी मिळून नातवाच्या जुन्या सायकलची घंटी पलंगाच्या डाव्या दांडीला बसवली. एक बेल थांबा, डबल बेल जाऊ द्या. हे अण्णांना शिकवावं लागलंच नाही. पहिल्याच दिवशी गुडघा वाकवताना एक बेल पडली आणि मॅडमचे हात जागच्या जागी थांबले. त्या पुढं रेटू शकल्या असत्या, त्यांची पुढची व्हिजिट खोळंबली होती. अण्णांनी दम खाल्ला, मग स्वतःच डबल बेल दिली. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्या हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या.

स्पीच थेरपिस्ट मात्र आमच्याकडं सहजासहजी मिळत नाही. पुण्याच्या एक मिळाल्या, पहिल्यांदा घरी येऊन गेल्या, बाकी सगळं मोबाइलवर. त्यांनी आधी बोलण्याला हात न घालता गिळण्याचं बघितलं. आम्हाला वाटायचं, जेवणाची नळी निघाली, आता पाणी तरी सुखानं पिऊ दे. पण अशा माणसाला पाणीच सगळ्यात अवघड. पातळ असल्यामुळं ते घशात झरकन उतरतं, श्वासनलिका मिटायच्या आत, आणि फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. म्हणून नाचणीची दाटसर पेज, ताठ बसवून, छोट्या चमच्यानं. दोन घास झाले की ‘आ’ म्हणायला लावायचं. आवाजात घरघर आली तर थांबायचं. खाणं झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

बोलण्याची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. पॅरिसजवळच्या एका दवाखान्यात 1861 साली ब्रोका नावाच्या डॉक्टरांना एक रुग्ण भेटला, त्याला फक्त ‘तान’ म्हणता यायचं. त्याच्या मेंदूवरूनच बोलण्याची जागा डाव्या बाजूला पुढं असल्याचं कळलं. पण ती जागा दुखावली तरी आकडे, वार, तोंडपाठ झालेल्या गोष्टी कधीकधी शाबूत राहतात. पाढे करून बघितले, श्लोक झाले, काही हलेना. मग त्यांनीच विचारलं, गाडी कुठं कुठं थांबायची? आणि सुरुवात केली, ‘पेठ नाका…’ अण्णा म्हणाले, ‘कराड. उंब्रज. सातारा.’ अडखळत, पण म्हणाले. आठवड्याभरानं बाईंनी मुद्दाम खोड काढली, ‘उंब्रज, शिरवळ…’ अण्णा असे चिडले की काय सांगू. ‘नाही! सातारा!’ ते ‘नाही’ पाठांतरातलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात नकार सुरू झाला. औषधाला नाही, पेजेला नाही, माझ्या भावाच्या राजकारणावरच्या बोलण्याला तर ठामपणे नाही.

पैशाचंही सांगते, कारण विचारणारे बरेच आहेत. मेडिक्लेमनं दवाखान्याचं बिल दिलं. घरच्या ब्रदरचं, फिजिओचं, स्पीचचं सगळं आमच्या खिशातून. दिरानं निम्मा भार उचलला म्हणून जमलं. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान कॉलेजच्या ओपीडीत जाऊन घरच्या माणसाला कसं उठवायचं, कसं वळवायचं, एवढं तरी शिकून घ्यावं. तिथं शिकवतात.

अण्णा आता चार पायांच्या काठीवर, कुणीतरी डाव्या-उजव्या बाजूला असताना, संडासापर्यंत जातात आणि दार लोटून घेतात. कडी लावायची नाही, असा करार झालाय. ब्रदरला मुंबईत मोठ्या दवाखान्यात नोकरी लागलीय. सोमवारपासून नवा मुलगा येणार, पहिले दोन दिवस ब्रदर त्याच्यासोबत थांबणार आहे. पगाराचं अजून ठरायचंय.